नागोयाच्या वर, डोंगरात: किसो, हिदा आणि गोकायामा

जपानमधली डोंगरातली जुनी गावं बघायची तर तळ ठोकायला नागोयासारखी सोयीची जागा नाही. तिथून दोन रेल्वेमार्ग डोंगरात शिरतात. एक ईशान्येला किसो नदीच्या खोऱ्यात जातो, दुसरा उत्तरेला हिदा भागात. आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस दोन्हीकडे जाऊन पुढे गोकायामातून जपान समुद्राच्या बाजूला उतरलो. आम्ही म्हणजे नवरा, मी आणि सासूबाई. आईंचे गुडघे कुरकुरतात आणि नवरा पक्का शाकाहारी, त्यामुळे पुढचा बराचसा सल्ला या दोन गोष्टींभोवती फिरेल.

आधी पैशाचं. देशभर चालणारा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पास, या प्रवासासाठी घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. या मार्गावर तेवढे पैसे वसूल होत नाहीत, सुटी तिकिटं स्वस्त पडतात. ताकायामा आणि कानाझावा दोन्ही करणार असाल तर त्या भागापुरता वेगळा पास मिळतो. त्यात वाटेवरच्या शिराकावा-गो या गावाची बसही धरलेली असते, त्याचा हिशेब करून बघा.

नागोयाहून 'शिनानो' एक्सप्रेसने साधारण पन्नास मिनिटांत नाकात्सुगावा येतं. स्टेशनजवळच्या दुकानात कुरी-किंतोन घ्या. उकडलेले चेस्टनट आणि साखर, बाकी काही नाही. ही मिठाई शरदातच मिळते आणि शाकाहारी माणसाला जपानात डोळे मिटून खाता येईल अशा मोजक्या गोष्टींत ती बसते. तिथून बसने अर्ध्या तासात मागोमे.

मागोमे आणि त्सुमागो ही नाकासेंदोवरची मुक्कामाची गावं. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, क्योतोला डोंगरातून जाणारा हा सरकारी रस्ता. त्यावर ६९ ठाणी होती, त्यातली ११ एकट्या किसो खोऱ्यात. समुद्राकाठच्या तोकाइदो रस्त्यावर नद्या ओलांडताना खोळंबा व्हायचा, म्हणून बायकांचे लवाजमे बरेचदा डोंगरातून जात. १८६१ मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनशी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाशी, लग्न करायला निघाली ती याच वाटेने, हजारोंचा लवाजमा घेऊन. आज बघितलं तर दोन माणसं शेजारी चालली की वाट भरते असे तुकडे आहेत. त्यातून पालख्या कशा गेल्या असतील याचा विचार करत आम्ही चाललो.

मागोमे ते त्सुमागो सुमारे ८ किलोमीटर आहे, रमतगमत तीन तास. मागोमेहूनच निघा. मागोमे ६०० मीटरच्या आसपास आहे, खिंड ८०० च्या आसपास आणि त्सुमागो ४२० च्या, म्हणजे चढ थोडा आणि उतार जास्त. सामान मागोमेच्या पर्यटन कार्यालयात सकाळी दिलं की दुपारी त्सुमागोच्या कार्यालयात मिळतं. ही सोय हिवाळ्यात बंद असते आणि सकाळची वेळ चुकली तर बॅगा तुमच्याच पाठीवर. वाटेवर ठिकठिकाणी खांबांना घंटा टांगल्या आहेत, त्या अस्वलांसाठी. शोभेच्या समजून पुढे जाऊ नका, जोरात वाजवा. खिंड उतरल्यावर एका जुन्या चहाघरात स्वयंसेवक फुकट चहा देतात, निघताना डब्यात नाणी टाकावीत. जिथे वाट ओली दगडी फरसबंदी होते तिथे साध्या चपला घसरतात. आई या वाटेने आल्याच नाहीत. दोन्ही गावांमध्ये बस आहे, दिवसाला थोड्याच फेऱ्या, पण अर्ध्या तासात पोचवते. आम्ही घामाघूम होऊन पोचलो तेव्हा त्या दुकानाबाहेरच्या बाकावर गोहेई-मोची खात बसल्या होत्या. भाताचा गोळा काठीवर थापून, अक्रोड आणि मिसोची (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) गोडसर चटणी लावून निखाऱ्यावर भाजलेला.

आता या दोन गावांमधला फरक. मागोमेचा दगडी चढ, पाणचक्की, समोर एना डोंगर, फोटो इथेच चांगले येतात. पण १८९५ आणि १९१५ च्या आगींत हे गाव जळलं, त्यामुळे जे दिसतं ते बरंचसं पुन्हा बांधलेलं. त्सुमागोची गोष्ट उलटी आहे. १९११ मध्ये चुओ रेल्वे नदीच्या बाजूने गेली, गाव बाजूला पडलं, तरुण शहरांकडे गेले, घरं पडायला आली. १९६८ मध्ये गावकऱ्यांनी दुरुस्ती सुरू केली आणि १९७१ मध्ये ठराव केला: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. विजेच्या तारा नजरेआड केल्या, मुख्य रस्त्यावर दिवसा गाड्या बंद केल्या. १९७६ मध्ये सरकारने देशातल्या पहिल्या जतन-वस्त्या जाहीर केल्या त्यात त्सुमागो होतं.

त्सुमागोत वाकी-होनजिन (बड्या प्रवाशांसाठीचं दुय्यम विश्रामघर) ओकुया हे घर तिकीट काढून बघाच. १८७७ मध्ये हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रसच्या, लाकडात बांधलेलं आहे. सरकारी बंदीच्या काळात किसोत 'एक झाड, एक मुंडकं' अशी शिक्षेची ख्याती होती. ओवारी संस्थानच्या परवानगीशिवाय हिनोकी तोडला की माणूस गेला. बंदी उठल्यावर ओकुयाच्या मालकाने अख्खं घरच हिनोकीत बांधलं. इतक्या वर्षांची भडास माणसाने तुळयांमधून काढलेली दिसते! याच किसोच्या जंगलातून इसेच्या देवळासाठी लाकूड जातं, आणि ते देऊळ दर वीस वर्षांनी नवं बांधतात.

रात्र त्सुमागोत काढा. चारनंतर दुकानांच्या फळ्या लागतात, दिवसभराचे लोक निघून जातात आणि रस्ता रिकामा होतो. पण घरगुती मिन्शुकूत राहायचं तर त्यांच्या वेळा पाळाव्या लागतात. पाचच्या आत पोचा. जेवण सहाला म्हणजे सहाला, आणि उशिरा येणाऱ्यासाठी गावात दुसरं काही उघडं नसतं. बूट दारात काढा. संडासाच्या चपला वेगळ्या असतात, त्या घालून ततामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांवर, यायचं नाही. भिंती कागदाच्या, घोरणारा नवरा असेल तर शेजारच्या खोलीची आधीच माफी मागून ठेवा. युकाता (झोपताना घालायचा सुती किमोनो) घालताना डावी बाजू वर, उजवी बाजू वर फक्त प्रेताला घेतात. जमिनीवर बसणं-उठणं जमत नसेल तर बुकिंग करतानाच खुर्ची मागा. आईंसाठी आम्ही मागितली होती आणि सगळीकडे मिळाली.

शाकाहाराचं खरं सांगते. 'मांस नको' एवढं सांगून काही होत नाही, कारण आमटीपासून सोबाच्या (बकव्हीटच्या शेवया) रश्श्यापर्यंत सगळ्यात कात्सुओ माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो. बुकिंगच्या वेळीच जपानीत लिहून पाठवा: मांस, मासे, अंडं आणि माशाचा दाशी चालत नाही, कोंबूचा (समुद्री शेवाळाचा) चालतो. घर छोटं असेल तर ते नम्रपणे नाही म्हणतील, मग फक्त नाश्ता-राहण्याचं ठरवा किंवा दुसरं घर शोधा. ऐनवेळी सांगणं मात्र यजमानाला संकटात टाकणं आहे, बाई दिवसभर त्या जेवणामागे असते. मेतकूट आणि लोणच्याची पुडी जवळ ठेवा. गरम भात सगळीकडे मिळतो आणि तो उत्तम असतो.

किसोहून ताकायामाला जायला बहुतेक लोक नागोयापर्यंत मागे येतात. गरज नाही. ताजिमीला उतरून ताइता लाइनने मिनो-ओताला जा आणि तिथे 'हिदा' एक्सप्रेस पकडा. या गाडीची वाट हिदा नदीच्या दरीतून आहे, खिडकी सोडू नका.

ताकायामा हे शहर आहे, गाव नव्हे. सान्माची भागातल्या गल्ल्या दहा ते चार माणसांनी फुललेल्या असतात. सकाळी सातला बाहेर पडा, मियागावा नदीकाठचा बाजार बघा, सफरचंदं आणि लोणची घ्या. हा बाजार दुपारपर्यंत आवरतो. ताकायामाचं वैभव सुतारांचं. प्राचीन काळात हिदाला कराऐवजी राजधानीत कारागीर पाठवावे लागत, डोंगराळ मुलूख, धान्य कुठून देणार! लाकूड आणि खाणींसाठी शोगुनने १६९२ मध्ये हा मुलूख थेट स्वतःकडे घेतला. त्याचं कचेरीघर, ताकायामा जिन्या, अजून उभं आहे, आणि अशा कचेऱ्यांपैकी मूळ इमारत टिकलेली ही एकच. पण माझं मत विचाराल तर जिन्यापेक्षा जास्त वेळ कुसाकाबे यांच्या वाड्यात घालवा. १८७५ च्या आगीनंतर १८७९ मध्ये बांधलेला हा सावकाराचा वाडा. आत शिरून मान वर केली की तुळयांची जाळी थेट छपरापर्यंत दिसते. नवरा तिथे अर्धा तास मान वर करून उभा होता. इथले मिताराशी-दांगो (काडीवर ओवलेले तांदळाच्या पिठाचे गोळे) गोड नसतात, नुसत्या सोया सॉसमध्ये भाजतात.

शिराकावा-गोबद्दल थोडं नावडतं लिहिते. ताकायामाहून बसने पन्नास मिनिटं. २००८ मध्ये हायवेवरचा जवळपास ११ किलोमीटरचा हिदा बोगदा उघडला तेव्हापासून ते 'दुर्गम' राहिलेलं नाही. दुपारी ओगिमाचीच्या, म्हणजे तिथल्या मुख्य वस्तीच्या, रस्त्यावर जत्रा असते. लोक राहत्या घरांच्या अंगणात शिरून फोटो काढतात. तरी जा, कारण घरं खरोखर थक्क करतात. जोडलेल्या तळव्यांसारखी उभी गवताची छपरं (म्हणून यांना 'गाश्शो' घरं म्हणतात), उतार सुमारे साठ अंशांचा, म्हणजे बर्फ साठत नाही. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही, दोर आणि पिळलेल्या कोवळ्या खोडांनी बांधलेलं. माळ्यावर रेशीमकिडे. छपर तीस-चाळीस वर्षांनी बदलायचं तर अख्खं गाव 'युइ' पद्धतीने येतं, आज तुमच्याकडे, उद्या माझ्याकडे.

या खोऱ्यात १९६१ मध्ये मिबोरो धरण पूर्ण झालं आणि कितीतरी अशी घरं पाण्याखाली गेली किंवा उचलून दुसरीकडे नेली गेली. ज्यांच्या घरात कोयनेखाली गेलेल्या गावाचं नाव अजून निघतं त्यांना यापुढे काही सांगायला नको. ओगिमाचीने १९७१ मध्ये त्सुमागोसारखाच तीन नकारांचा ठराव केला तो या पार्श्वभूमीवर. इथे आगीचं भय फार, उघड्यावर सिगारेट ओढू नका. कचरापेट्या शोधू नका, कचरा परत न्या. हिवाळ्यातल्या दिव्यांच्या संध्याकाळी बघायच्या तर आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश मिळत नाही.

मुक्काम मात्र गोकायामात करा. शिराकावा-गोबरोबरच १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या आइनोकुरा आणि सुगानुमा या दोन वस्त्या तिथे आहेत. सुगानुमात गाश्शो घरं नऊच, आणि वाहनतळावरून खाली उतरायला चक्क लिफ्ट आहे, आई खूश. इथल्या घरांच्या जमिनीखाली खड्ड्यांत माती, गवत, रेशीमकिड्यांची लेंडी आणि मूत्र कुजवून कागा संस्थानच्या बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवायचे. दुर्गमपणा हाच त्या कारखान्याचा बंदोबस्त. पुढे परदेशी सोरा स्वस्तात आला आणि धंदा बसला. सुगानुमात याचं छोटं संग्रहालय आहे, ते बघून ही घरं निव्वळ देखणी वाटत नाहीत. आइनोकुरात रात्री इरोरी चुलीभोवती जेवण होतं, रानभाज्या असतात आणि दोरीने बांधून उचलता येईल इतका घट्ट टोफू असतो. शाकाहाऱ्यांना हा आमच्या प्रवासातला सगळ्यात सोपा मुक्काम ठरला. रोख पैसे जवळ हवेत, एटीएम गावात शोधू नका, ताकायामातच काढून घ्या.

शिराकावा-गोहून गोकायामामार्गे शिन-ताकाओकाला जाणारी बस या दोन्ही वस्त्यांजवळ थांबते. फेऱ्या कमी आहेत, आदल्या रात्री यजमानाकडून वेळ पक्की करून घ्या. शिन-ताकाओकाहून होकुरिकु शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन टोकियोला नेते, पण 'कागायाकी' ही सगळ्यात वेगवान गाडी तिथे सहसा थांबत नाही. तिकीट काढताना 'हाकुताका' बघा.