तुम्ही विचारलेत म्हणून: मालिकेचा एवढा राग कशासाठी?

“अहो, मालिकाच आहे ती, एवढं काय मनाला लावून घेता?” हा प्रश्न मला मुलुंडच्या आमच्या सोसायटीतले शेजारी विचारतात आणि कार्यालयातले सहकारीही. ड्रॅगनच्या आणि अतिमानवी नायकांच्या मालिका मी अनेक वर्षे पाहतो आहे आणि कथानकाच्या एखाद्या वळणावर प्रेक्षक संतापले की बहुधा त्यांची बाजू घेतो, म्हणून हे सविस्तर उत्तर.

१३ मे २०१९, सोमवार. अमेरिकेत रविवारी रात्री दाखवला जाणारा ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या ड्रॅगन आणि राजघराण्यांच्या मालिकेचा भाग आपल्याकडे सकाळीच येत असे, आणि तो पाहूनच घराबाहेर पडावे लागे, नाहीतर लोकलमध्ये कोणाच्या तरी तोंडून सगळे कळून जाई. शहराने शरणागती पत्करली होती, घंटा वाजत होत्या, सिंहासनासाठी लढणारी राणी डेनेरिस तटावर ड्रॅगनवर बसली होती आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर खिळला होता. दुसऱ्या क्षणी तिने झेप घेतली आणि निरपराध माणसांसकट ते शहर जाळायला सुरुवात केली. मी भाग थांबवला, मागे नेला, तो चेहरा पुन्हा पाहिला. समोरच्या चहावर साय धरली, पण तिने असे का केले, याचे उत्तर मला त्या चेहऱ्यावर सापडले नाही.

तिच्या क्रौर्याची बीजे आधी पेरलेली होती, हे मान्य. मीरीन शहरातल्या गुलामांच्या धनाढ्य मालकांना तिने खांबांवर ठोकले होते, गुडघे न टेकणाऱ्या टार्ली पितापुत्रांना जाळले होते. परंतु शत्रूला निर्दयपणे शिक्षा करणारी राणी शरण आलेली लेकरेबाळे जाळते, तेव्हा मधली वाट तिच्यासोबत आम्हालाही चालायला मिळायला हवी होती. पहिली सहा पर्वे दहा-दहा भागांची होती. सातवे सात भागांत आणि आठवे सहाच भागांत उरकले. शेवटचे पर्व नव्याने करा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. मी केली नाही, कारण सह्या गोळा करून गोष्ट बदलून मागू नये असे मला वाटते. त्यामागचे दुःख मात्र खरे होते.

आवडते पात्र मेले म्हणून प्रेक्षक चिडतात, हा गैरसमज आहे. त्याच मालिकेत २०१३ साली लग्नाच्या मांडवात रॉब स्टार्क या तरुण राजाची हत्या झाली, तेव्हा मी रडलो. पण फ्रे घराण्यात लग्न करण्याचे वचन त्याने मोडले होते आणि म्हातारा फ्रे तो अपमान गिळणारा नव्हता, त्यामुळे आपली फसवणूक झाली असे क्षणभरही वाटले नाही.

वांडा या अतिमानवी नायिकेवरच्या, २०२१च्या ‘वांडाव्हिजन’ मालिकेबाबत माझे मत जरा वेगळे आहे. वांडाभोवती घडणाऱ्या विचित्र गोष्टींमागे मेफिस्टो नावाचा सैतान असणार, हा तर्क प्रेक्षकांनीच लढवला होता; तो आला नाही, याचा दोष मालिकेला देणे अन्यायाचे आहे. मात्र एक्स-मेन या अतिमानवांच्या चित्रपटांत क्विकसिल्व्हर हा वेगवान नायक झालेल्या इव्हान पीटर्सलाच वांडाचा भाऊ म्हणून दारात उभे करायचे आणि अखेरीस तो गावातला एक साधा रहिवासी निघायचा, हे चुकलेच; एक्स-मेनची दुनिया इथे जोडली जाईल, ही आशा लावण्याचे काम मालिकेनेच केले होते. तिथला राग मला रास्त वाटतो. कलाकारांना शिवीगाळ करणाऱ्यांची बाजू मात्र मी कधीच घेत नाही.

गेल्या दिवाळीत कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला मी ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे पहिले पर्व दाखवले. नवव्या भागात राणी सर्सीचे गुपित शोधून काढणाऱ्या नेड स्टार्कचे, म्हणजे रॉबच्या वडिलांचे, शिर उडाले, तसा तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत आला आणि म्हणाला, “पण मामा, आपल्याला सगळं कळलंय हे त्याने सर्सी राणीला आधीच सांगायला नको होतं.” मग त्याने स्वतःच दहावा भाग लावला.