एका नांगराच्या भरवशावर

गेल्या जुलैमध्ये आम्ही दोघे, मुलगा, मुलगी आणि सासूबाई असे पाच जण सेशेल्सच्या बेटांमध्ये आठ दिवस शिडाच्या कॅटमरानवर राहिलो. होडी हाकण्याचा परवाना आमच्यापैकी कोणाकडेच नसल्यामुळे तिथलाच एक कप्तान बरोबर घेतला होता. निघण्यापूर्वी मी जे काही वाचले होते ते सगळे शिडे, वारा आणि बोट लागणे यांविषयी होते. आमचा प्रत्येक दिवस मात्र नांगराने ठरवला.

शिडांचे म्हणाल, तर त्या हंगामात ती फारशी छळत नाहीत. मे ते ऑक्टोबर या काळात आग्नेयेकडून व्यापारी वारे एकसारखे वाहत असतात आणि माहे बेटाहून ईशान्येला, सुमारे ४५ किलोमीटरवरच्या प्रास्लिनकडे जाताना हा वारा उजव्या कुशीवर मिळतो. लाटाही त्याच बाजूने येतात, त्यामुळे चिरंजीव पहिले तीन तास डेकवर पालथे पडून होते, एवढेच.

खरी परीक्षा दुपारी चारला. सेशेल्स विषुववृत्तापासून जेमतेम चार-पाच अंश दक्षिणेला आहे. सूर्य साडेसहाच्या आत बुडतो आणि संधिप्रकाश रेंगाळत नाही. शिवाय पाण्याखालचा तळ ओळखायचा तर सूर्य बऱ्यापैकी वर आणि आपल्या पाठीशी हवा. तेव्हाच वाळूचा फिकट हिरवा पट्टा आणि प्रवाळाचे तपकिरी ठिपके वेगळे दिसतात. नांगर वाळूतच टाकायचा असतो. प्रवाळावर पडला तर अनेक वर्षांची वाढ एका साखळीखाली मोडते, आणि १९९८ व २०१६ मध्ये समुद्र तापून इथल्या प्रवाळाची आधीच पुष्कळ हानी झालेली आहे.

नांगर नुसत्या वजनाने होडी धरून ठेवतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो तळात रुततो तेव्हाच धरतो, आणि रुतण्यासाठी त्याच्यावरची ओढ आडवी लागते. म्हणून पाण्याच्या खोलीच्या चार-पाचपट साखळी सोडायची, म्हणजे तिचा बराचसा भाग तळावर लोळत राहतो; मग इंजिन उलटे चालवून होडी हळूहळू मागे ओढायची. साखळी आखडली की ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर उपटला जातो.

दुसऱ्या रात्री नेमके तसेच झाले. प्रास्लिनच्या वायव्येला आंस लाझिओची खाडी आग्नेय वाऱ्यापासून आडोशाला आहे, परंतु डोंगरावरून मध्येच जोराचे झोत खाली उतरतात. शेजारी दुसरी होडी असल्याने कप्तानाने साखळी थोडी कमी सोडली होती. (ही चूक त्याने स्वतःहून कबूल केली, हे मला आवडले.) दोनच्या सुमारास उशाखालून घरघर ऐकू आली; जात्यात खडे पडावेत तसा आवाज. वर आले तो शेजारच्या होडीचा दिवा, जो झोपताना डावीकडे होता, आता आमच्या समोर होता. पाऊण तास सगळे जागे. मुलीच्या हातात विजेरी, नवरा साखळीपाशी, आणि सासूबाई आपला रामरक्षेचा पाठ न थांबवता मला लाइफ जॅकेटचे बंद आवळायला सांगत होत्या.

सकाळी मुलगी मास्क लावून पाण्यात उतरली. नांगर पुन्हा टाकला होता तिथपर्यंत वाळूत एक सरळ, खोल तास उमटला होता. मराठीत शेतातल्या आणि होडीच्या अवजाराला एकच शब्द का आहे, हे तिला त्या दिवशी कोणी समजावून सांगावे लागले नाही.

त्यानंतर किनाऱ्यावर जाण्याचा प्रत्येक बेत या कामानंतरच ठरू लागला. क्युरिअझ बेटावरची महाकाय कासवे पाहिली. एकेकाळी तिथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती, तिच्या डॉक्टरांचे घर आजही उभे आहे. व्हॅले द मे या जंगलात झाडावर लटकलेला दर्याचा नारळ पाहून सासूबाई बराच वेळ थबकल्या. फकिरांच्या हातातली काळी कटोरी ज्या फळाची असते ते त्यांनी प्रथमच पाहिले. जगातले हे सर्वांत मोठे बी, पण ही झाडे सापडण्यापूर्वी लाटांबरोबर वाहत आलेले नारळ पाहून लोक ते समुद्राच्या तळाशी पिकतात असे समजत.

नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरचा एखादा खडक आणि त्यामागचा माड एका रेषेत धरायचा, आणि दर दहा मिनिटांनी ती रेष मोडली का ते पाहायचे, हे काम मुलांनी घेतले. कप्तान मात्र अनवाणी पाऊल साखळीवर ठेवून उभा राहत असे. नांगर घसरत असेल तर साखळीतून बारीक थरथर येते. रुतला की ती ताठ आणि शांत होते.

शेवटच्या संध्याकाळी, माहेजवळ, सासूबाई कोणाला न विचारता पुढे गेल्या, चप्पल काढली, कठडा धरून साखळीवर पाऊल टेकवले आणि मिनिटभर तशाच उभ्या राहिल्या.

“लागला,” त्या म्हणाल्या, आणि चहाचे पाहायला आत गेल्या.