नववीचे मार्क आणि हळदीची पट्टी

"नववीच्या मार्कांना कोण विचारतं?" असं आपल्या सांगलीत सगळेच म्हणतात. अमेरिकेतली कॉलेजं विचारतात. नववी ते बारावी, चारही वर्षांचे मार्क त्यांना लागतात, म्हणजे अकरावी आरामात काढायची सोय गेली. माझी भाची विश्रामबागेत राहते, यंदा अकरावीला आहे आणि तिला इकडे शिकायला यायचंय. त्यामुळे रविवारी न्यू जर्सीतून माझी व्हिडिओ कॉलवर शिकवणी सुरू असते.

सीईटीसारखं एका पर्सेंटाइलवर इथे काही ठरत नाही. सॅट ही प्रवेशासाठीची परीक्षा असते १६०० मार्कांची, पण बरीच कॉलेजं ती ऐच्छिक ठेवतात. इथल्या एमआयटीने ती २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली. कॉमन ॲप म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, त्याचा नवा फॉर्म १ ऑगस्टला उघडतो. त्यात जास्तीत जास्त ६५० शब्दांचा निबंध, आणि अभ्यासाशिवाय काय करता ते सांगायला १० जागा, प्रत्येकीच्या वर्णनाला स्पेस धरून १५० अक्षरं.

या १० जागांनी घरात धुमाकूळ घातलाय. वहिनींनी अबॅकसपासूनची सर्टिफिकेटं बाहेर काढली. एक सल्लागार तर पैसे घेऊन एनजीओच काढून द्यायला निघालेत! मी भाचीला म्हटलं, "अगं, सुट्टीत दादाच्या अडत दुकानात बसतेस, ते लिही की."

"आत्या, ते काय लिहायचं? घरचंच काम आहे."

पण त्या फॉर्ममध्ये घरच्या जबाबदाऱ्यांचा वेगळा पर्याय आहे, पगारी कामाचाही आहे. हळदीचा सौदा झाला की ही पोरगी पोत्यांची वजनं उतरवून घेते, हमाली-तोलाईचा हिशोब घालून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याची हिशोबाची पावती, बनवते. हळकुंड कॅमेऱ्यासमोर कटकन मोडून आतला रंग कसा बघायचा, हे मला तिनेच शिकवलं. विकतच्या एनजीओपेक्षा हे शंभर पटीने खरं.

शिफारसपत्राचं वेगळंच. तिचे सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." इथे पत्र शिक्षकांनीच ऑनलाइन पाठवायचं असतं, आणि ते वाचण्याचा हक्क मुलं सहसा सोडून देतात. सरांना तरी काय बोलायचं? मुलं दिवसभर क्लासला, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरती. आता ती केमिस्ट्रीच्या मॅडमकडे शंका विचारायला जाते. हो, मुद्दाम.

दादाचा प्रश्न पैशांचा, आणि तो रास्त आहे. परदेशी मुलांची घरची ऐपत न बघता अर्ज तपासणारी कॉलेजं मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि आणखी थोडी. बाकी बऱ्याच ठिकाणी आर्थिक मदत मागितली की प्रवेश अवघड होतो.

इथले बहुतेक निकाल मार्चअखेर लागतात, १ मेपर्यंत होकार कळवायचा. "म्हणजे बारावीच्या निकालाआधीच ॲडमिशन? मग पेपर कशाला द्यायचे?" दादाने विचारलं. तर शेवटचे मार्कही पाठवावे लागतात, फार घसरले तर दिलेला प्रवेश काढून घेऊ शकतात. त्यावर त्याने सीईटीचा फॉर्मही भरायचाच, सांगलीतलं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज हातचं घालवायचं नाही, असं बजावलंय. माझी त्याला ना नाही.