गोळी, वरण आणि आहार विभागाचा कागद

आईच्या पार्किन्सन्सचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, तिथवर सगळं बरं चाललं होतं. घोडं अडलं ते आहार विभागात. त्या खोलीची आठवण झाली की अजूनही माझं डोकं सटकतं.

तक्रार एवढीच, की सकाळची गोळी लागू पडायची आणि दुपारची वायाच जायची. वरणभात, मटकीची उसळ, वाटीभर दही असं जेवून आई गोळी घ्यायची, नि मग संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठणं मुश्कील. केमिस्टने पाकिटावर ‘जेवणानंतर’ लिहिलेलं. डॉक्टर म्हणाले, जेवणाचं आहार विभागात विचारा. तिथे टोकन, बाकडं, मग त्यांची जेवणाची सुट्टी. नंबर लागला तेव्हा बाईंनी मान वर न करता छापील कागद सरकवला: दूध, पनीर, डाळी, अंडी वाढवा. शेजारी प्लास्टर घातलेले काका होते, त्यांच्या हातातही तोच कागद! “आणि गोळी कधी घ्यायची?” “ते डॉक्टरांना विचारा.” डॉक्टरांच्या दाराशी बसलेला म्हणाला, “नवा केसपेपर काढा.” या येरझाऱ्यांत आईची गोळीची वेळ टळली. पाय फरशीला चिकटल्यासारखे झाले, तिला व्हीलचेअरवरून न्यावं लागलं.

शेवटी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने जिन्यापाशीच उभं राहून समजावलं. गोळीतलं लिव्होडोपा हे मुळात अमिनो आम्लच. डाळ-दुधातली प्रथिनं पचली की त्यांचीही अमिनो आम्लं होतात. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला दोघांची वाट एकच, त्यात औषध मागे पडतं. मेंदूत पोचलं तरच त्याचं डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं, हालचालींना लागणारं रसायन, होऊन उपयोग. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. डॉक्टरांच्या संमतीने आम्ही उसळ, पनीर रात्रीवर नेलं. प्रथिनं बंद करायची नाहीत हं, या आजारात वजन तसंही उतरतं. आठवडाभरात आई दुपारी स्वतः उठून चहा ठेवू लागली.

लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात नि या गोळीत दोन तास तरी जाऊ द्या. रिकाम्या पोटी मळमळलं तर सोबत साधं बिस्किट चालतं, दूध नको.

झोपेचं राहिलंच. आई झोपेत ओरडायची, लाथा झाडायची. मावशी म्हणायची, रात्रीचं जेवण जड होतं. खरं तर स्वप्नं पडतात तेव्हा शरीर सैल पडायला हवं, या आजारात तो लगाम सुटतो, कधीकधी हात थरथरायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधीच. हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. त्यांनी मेलाटोनिन हे झोपेसाठीचं औषध दिलं, आणि रात्रीची अमँटाडीन, ही पार्किन्सन्सचीच दुसरी गोळी, दुपारवर आणली, कारण तिने झोप उडते. पलंगाजवळचं टोकदार टेबल मात्र आम्हीच हलवलं.

कुणी खाजकुइलीचं चूर्ण सुचवलं तर परस्पर देऊ नका, त्यातही लिव्होडोपाच असतं.

आणि ओपीडीला जाताना गोळ्या, पाण्याची बाटली पिशवीत ठेवा. वेळ झाली की तिथेच बाकड्यावर द्या, टोकनची वाट बघू नका.