हिरव्या माशीची जात मी लगेच का सांगत नाही

तुम्ही विचारलेत म्हणून हे लिहिते आहे. बागेतल्या फुलावर बसलेल्या, धातूसारखी हिरवी झळाळी असलेल्या माशीचा (म्हणजे मधमाश्यांच्या मोठ्या गटातल्या, इंग्रजीत ‘बी’ म्हणतात तशा कीटकाचा) फोटो पाठवून ‘ही कोणती?’ असे विचारणाऱ्याला मी बहुतेक वेळा प्रजातीचे, म्हणजे जवळच्या नात्यातल्या अनेक जातींच्या गटाचे (इंग्रजीत ‘जीनस’), नाव सांगते आणि तिथेच थांबते. त्यावर पुढचा प्रश्न येतो, ‘फोटो इतका स्वच्छ आहे, तर नेमकी जात सांगायला काय हरकत आहे?’ टोरोंटो आणि आसपासच्या मराठी घरांतून हा प्रश्न मला उन्हाळाभर विचारला जातो. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका ओळीत मावण्यासारखे नाही.

फोटो पाहताना मी रंगाकडे सर्वांत शेवटी पाहते. हिरवी झळाळी कितीतरी कीटकांना असते. पंखांची एकच जोडी, आखूड मिशा आणि डोके व्यापणारे मोठे डोळे दिसले, तर ती मधमाश्यांतली नसून घरमाशीच्या नात्यातली हिरवी माशी असते. अंगावर खडबडीत खळगे असलेला, पाय जवळजवळ केसविरहित असलेला आणि हात लावताच अंगाची गुंडाळी करून घेणारा झगझगीत कीटक दिसला, तर ती कोकिळेसारखी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारी क्रायसिडिड गांधीलमाशी असते. फुलावरच्या मादीच्या मागच्या पायांवर परागकण धरून ठेवणारी दाट लव असेल आणि पुढच्या पंखातली मुळाजवळची एक शिर धनुष्यासारखी ठळक वाकलेली दिसत असेल, तरच आपण हॅलिक्टिडी या कुलात, म्हणजे ज्यांना इंग्रजीत स्वेट बी म्हणतात त्यांच्यात आलो, असे मी धरून चालते. या कुलातल्या काही लहान जाती घामातले क्षार आणि ओलावा चाटण्यासाठी हातावर येऊन बसतात, त्यावरून हे नाव पडले आहे. चिमटीत सापडल्याशिवाय त्या सहसा डंख करत नाहीत.

रंगावर विश्वास का ठेवू नये, हे समजून घेण्यासारखे आहे. या माश्यांचा हिरवा रंग मोरपिसातल्या रंगाप्रमाणेच रचनेतून निर्माण होतो. अंगावरच्या कवचात अतिशय पातळ थर एकावर एक असतात, त्यांच्यावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि ठरावीक रंग उठून दिसतो. थरांची जाडी किंवा पाहण्याचा कोन थोडा बदलला की तो रंगही सरकतो. त्यामुळे एकाच जातीतली एक मादी तांबूस सोनेरी, दुसरी गर्द हिरवी आणि तिसरी निळसर असू शकते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ऑगोक्लोरा प्युरा या जातीत हे सहज पाहायला मिळते. मोबाइलचा कॅमेरा स्वतःहून रंग गडद करतो, ते वेगळेच.

आता प्रजातीकडे येऊ. इकडच्या बागेतल्या मोठ्या हिरव्या माश्या मुख्यतः ॲगापोस्टेमॉन, ऑगोक्लोरा, ऑगोक्लोरेला आणि ऑगोक्लोरॉप्सिस या चार प्रजातींतल्या असतात. ॲगापोस्टेमॉनच्या वक्षाचा मागचा उतार चारही बाजूंनी एका उठावदार कंगोऱ्याने वेढलेला असतो, तर उरलेल्या तिघींच्या पुढच्या पंखात टोकाजवळची एक कप्पी शेवटी छाटल्यासारखी असते आणि मादीच्या उदराच्या पाचव्या खंडाला मध्ये खाच असते. त्या तिघींना एकमेकींपासून वेगळे करण्यासाठी पंखाच्या मुळावरच्या लहानशा झाकणीचा आकार, जबड्याचे दात, चेहऱ्यावरच्या ढालीची कडा अशा गोष्टी पाहाव्या लागतात. माशीची लांबी एक सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी आणि फोटो वरून काढलेला, म्हणजे यांतले एकही लक्षण त्यात नसते. तुम्हाला स्वच्छ दिसतो तो फोटो मला अनेकदा नेमक्या जागी आंधळा वाटतो, तो यामुळे.

तरीही एक जात मी फोटोवरून आनंदाने सांगते. डोके आणि वक्ष झळझळीत हिरवे, उदर काळे आणि त्यावर पांढुरक्या केसांचे आडवे पट्टे, अशी मादी टोरोंटोत दिसली तर ती ॲगापोस्टेमॉन व्हायरेसेन्स असते. कीटकशास्त्रज्ञ योहान फाब्रिसियस यांनी 1775 मध्ये हिचे वर्णन केले, आणि टोरोंटो शहराने आपली अधिकृत माशी म्हणून हिचीच निवड केली आहे. शहरात मधमाश्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती असताना ही निवड मला फार समर्पक वाटते, कारण ही स्थानिक आहे, जमिनीत बीळ करून राहते, आणि तिच्या अनेक माद्या एकाच दारातून ये-जा करत असल्या तरी प्रत्येक जण आपल्या पिल्लांच्या कोठड्या स्वतःच बांधते. दाराशी बहुधा एखादी मादी डोके अडवून पहारा देत असते.

तिच्याच नराचा फोटो आला की मात्र गोष्ट बदलते. त्याचे उदर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे असते, आणि या प्रजातीतल्या इतर जातींचे नरही प्रथमदर्शनी तसेच दिसतात. तिथे मागच्या मांडीची जाडी, पायांवरचे काळे डाग, पोटाची खालची बाजू आणि शेवटी जननेंद्रियाची रचना पाहावी लागते. पूर्ण हिरव्या उदराच्या माद्यांत वक्षावरचे सूक्ष्म खळगे निर्णायक ठरतात. उदाहरणार्थ, ॲगापोस्टेमॉन टेक्सॅनसमध्ये मोठे आणि बारीक असे दोन आकारांचे खळगे मिसळलेले असतात. या प्रजातीचा मोठा आढावा कीटकशास्त्रज्ञ रॅडक्लिफ रॉबर्ट्स यांनी 1972 मध्ये घेतला, तेव्हाही टेक्सॅनस आणि अँजेलिकस या दोन जातींचे नर ओळखता येत होते, पण माद्या वेगळ्या करता येत नव्हत्या. सुईवर टोचलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवूनही ज्यांचे हात टेकले, त्यांच्या पुढे जाऊन फोटोवरून नाव ठोकून देण्याचा अधिकार मला नाही.

सर्वांत अवघड प्रकरण लहान माश्यांचे आहे. चार ते सात मिलिमीटरच्या, मंद हिरवट-निळसर झळाळीच्या या माश्या लेसियोग्लॉसम प्रजातीतल्या डायलिक्टस या उपप्रजातीत, म्हणजे प्रजातीतल्या लहान गटात, येतात. लेसियोग्लॉसममध्येच सतराशेहून अधिक जाती आहेत; जगातल्या मधमाश्यांची याहून मोठी प्रजाती नाही. मधमाश्यांचे अभ्यासक जेसन गिब्ज यांनी टोरोंटोच्याच यॉर्क विद्यापीठात असताना या उपप्रजातीचा गुंता सोडवायला घेतला. लेसियोग्लॉसम टेग्युलेर या एकाच जातीच्या नावाखाली एकत्र मोजल्या जाणाऱ्या माश्या प्रत्यक्षात अनेक जातींच्या आहेत, हे त्यांनी 2009 मध्ये दाखवले. 2010 मध्ये कॅनडातल्या आणि 2011 मध्ये पूर्व उत्तर अमेरिकेतल्या जातींचा आढावा प्रसिद्ध केला. या दुसऱ्या आढाव्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानात सापडलेली एक नवी जातही होती आणि तिला लेसियोग्लॉसम गॉथम असे नाव मिळाले. एवढ्या गजबजलेल्या शहरातली माशी इतकी वर्षे निनावी राहिली, याचे मला आजही आश्चर्य वाटते. त्यांनी खळगे आणि लव यांच्या जोडीला डीएनएचा एक छोटा, ठरावीक तुकडा ताडून पाहिला. पण काही जवळच्या जातींमध्ये त्या तुकड्यातला फरकही अगदी थोडा असतो, म्हणून दोन्ही पुरावे एकत्र वाचावे लागतात.

पुण्या-नाशिकहून फोटो पाठवणाऱ्यांसाठी वेगळे सांगायला हवे. ॲगापोस्टेमॉन आणि ऑगोक्लोरा मंडळी केवळ अमेरिका खंडांतली आहेत. तुमच्या अंगणातल्या माशीला एखाद्या ॲपने यांपैकी नाव दिले, तर ते तिथेच बाद करावे. भारतात हिरवट झळाळी दिसली तर हॅलिक्टिडी कुलातल्याच सेलाडोनिया किंवा अगदी लहान, पिवळ्या खुणांच्या सेयलालिक्टस या गटांतली माशी असण्याची शक्यता तपासावी; उदरावर गुळगुळीत, हिरवट-निळसर पट्टे असतील तर त्याच कुलातल्या नोमियाच्या गटाकडे वळावे. तिथेही 1897 सालचा, ब्रिटिश भारतातल्या मधमाश्या-गांधीलमाश्यांवरचा बिंगहॅम यांचा ग्रंथ अजून उघडावा लागतो, यावरून काम किती बाकी आहे ते कळेल.

चुकीचे जातिनाव एकदा नोंदले गेले की ते नकाशावर बसते. पुढे कोणी ही जात कुठे वाढली, कुठे घटली हे पाहू लागले की तो एक खोटा ठिपका खऱ्या ठिपक्यांच्या बरोबरीने मोजला जातो, आणि तो नंतर शोधून काढणे जवळजवळ अशक्य असते. प्रजातीपर्यंतची खरी नोंद मात्र कायम उपयोगी पडते, कारण अधिक चांगला पुरावा मिळाला की तिच्यात भर घालता येते.

तेव्हा पुढच्या वेळी एकाच माशीचे तीन फोटो पाठवा. एक समोरून चेहऱ्याचा, एक पंख पसरलेले असताना शिरा दिसतील असा, आणि एक मागून, वक्षाचा उतार दिसेल असा. सोबत जागा, तारीख आणि फुलाचे नाव द्या. माशीच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून ते फूल चौकटीत पूर्ण येऊ द्या. माशी पकडू नका. तीन फोटोंपैकी मागचा एकच जमला, तरी तो आधी पाठवा.