पिस्टनचं माप: पाव मिलिमीटरचा हिशेब

ओटोस्क्लेरोसिस या कानाच्या आजारात रिकिबीचं हाड (मधल्या कानातलं सगळ्यात छोटं) घट्ट बसतं आणि आवाज आत पोचत नाही. तिथे पिस्टन, म्हणजे आवाज आत पोचवणारी बारीक कृत्रिम दांडी, बसवायचा ठरला की पेशंटचा पहिला प्रश्न असतो, ‘इम्पोर्टेड आहे ना?’ खरं तर विचारायला हवं ते माप कसं घेणार हे.

लांबी सीटी स्कॅनवरून नक्की करत नाहीत, ती ऑपरेशनच्या टेबलावरच मोजतात. ऐरणीच्या, म्हणजे रिकिबीच्या शेजारच्या हाडाच्या, लांब दांड्याच्या आतल्या बाजूपासून रिकिबीच्या तळपट्टीपर्यंतचं अंतर मापन-काडीने घ्यायचं. त्यात पाव ते अर्धा मिलिमीटर मिळवायचा, कारण पट्टीत पाडलेल्या भोकातून, तिची जाडी ओलांडून पिस्टनचं टोक थोडंसंच आत उतरायला हवं. अंतर 4 भरलं तर 4.25 किंवा 4.5. गोची इथेच होते: काही पिस्टनची लांबी ऐरणीला अडकवायच्या कडीच्या वरच्या टोकापासून धरलेली असते, काहींची कडीच्या आतल्या कडेपासून. पाकिटावरचा आकडा बघून उचलला की चुकलंच.

आखूड पडला तर पिस्टन भोकातून निसटतो आणि ऐकू येणं पुन्हा घसरतं. लांब पडला तर टोक आतल्या नाजूक पिशव्यांना टेकतं, गरगरतं, आणि आतल्या कानाला इजा झाली तर गेलेलं ऐकू येणं परत आणता येत नाही. म्हणून भूल फक्त कानापुरती दिली असेल तर उत्तम. पिस्टन हलवून बघताना पेशंट ‘चक्कर येतेय’ म्हणाला, की पाव मिलिमीटर आखूड घालून बघायचा.

पिस्टनची जाडी 0.4 किंवा 0.6 मिलिमीटर. जागा असेल तर 0.6 बरा, चेहऱ्याची नस तळपट्टी जिथे बसते त्या खिडकीवर झुकलेली असली की 0.4. भोक पिस्टनपेक्षा किंचित मोठं, 0.6 ला 0.7 ते 0.8. कडी सैल राहिली तर ती ऐरणीवर घासून हाड झिजवते. माप बिनचूक असूनही काही वर्षांनी ऐकू येणं कमी होण्याचं हे नेहमीचं कारण.

ऑपरेशननंतर काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, वजन उचलायचं नाही. पुण्याच्या लोहगावहून विमान किंवा सिंहगडाचा घाट डॉक्टरांना विचारूनच. आणि गणपतीत लक्ष्मी रोडवर ढोल-ताशांच्या पुढ्यात उभं राहू नका: मोठ्या आवाजाला आवर घालणारा रिकिबीचा स्नायू या ऑपरेशनमध्ये बहुधा कापलेला असतो.