नसलेल्या ४१ पेट्या

"काउंटर ४१ पेट्या जास्त दाखवतोय, गाडीत तेवढ्या नाहीत. आजच या." सकाळी सातला सुपरवायझरचा फोन आला. फेब्रुवारी महिना, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात. नाशिकजवळच्या त्या पॅकहाऊसमध्ये बेल्टवरून कोल्ड रूममध्ये जाणाऱ्या पेट्या मोजायला मीच रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बसवून दिला होता.

पोचलो तर रात्रपाळीचे चार हमाल ऑफिसबाहेर उभे. त्यांतल्या वयस्कर मामांच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पाच-पाचच्या रेघा. "आमची मोजणी गाडीशी जुळतीये साहेब, पण मशीन खोटं बोलत नाही म्हणतात." मला त्यांच्याकडे बघवेना.

बेल्ट बंद करायला लावला, पेटी जाताना जो दाबला जातो त्या लिमिट स्विचजवळ कुणाला जाऊ दिलं नाही आणि स्क्रीनसमोर बसलो. बराच वेळ आकडा ढिम्म. मग पलीकडे ब्लोअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच, खाडकन बसला आणि २०७ चे २०८ झाले. इलेक्ट्रिशियनला थोड्या थोड्या वेळानं ब्लोअर दहादा चालू-बंद करायला सांगितलं. बेल्टवर एकही पेटी नसताना सात पेट्या वाढल्या.

चूक माझी होती. इनपुट पिनला ३.३ व्होल्टवर धरून ठेवायला मी बोर्डातल्या पुल-अप रेझिस्टरवरच भागवलं होतं. तो साधारण ५० किलोओहमचा. स्विच दाबला तरी वायरमधून जेमतेम ६६ मायक्रोअँपिअर जातात. टेबलावरच्या हातभर वायरला ते पुरतं. इथे बारा मीटर साधी वायर, तीही मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून ओढलेली, त्यामुळे तिकडचा झटका हिच्यात उतरायचा. प्रोग्रॅममध्ये एकच दाब दोनदा मोजला जाऊ नये म्हणून २०० मिलिसेकंदांचा डीबाउन्स होता, त्यावर मी निर्धास्त होतो. पण मी वापरलेल्या लायब्ररीत तो पहिल्या एजनंतरच्या (एज म्हणजे पिनवरचा व्होल्टेज बदलण्याचा क्षण) एज गाळतो. पहिली एज पेटीची की कॉन्टॅक्टरच्या झटक्याची, हे तो बघतच नाही. हे मला माहीत असायलाच हवं होतं.

दुपारी शिल्डेड वायर वेगळ्या पाइपातून नेली. स्विचला २४ व्होल्ट दिले आणि मध्ये पीसी ८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पोचवून दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा) घातला, कारण रास्पबेरी पायच्या पिनला ३.३ च्या वर काही चालत नाही. २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावल्यावर वायरमधून १० मिलिअँपिअर वाहू लागले. तेवढा करंट नुसत्या झटक्यानं टिकत नाही. प्रोग्रॅमही बदलला: एज आली की २० मिलिसेकंद थांबायचं, पिन पुन्हा वाचायची, अजून लो, म्हणजे शून्य व्होल्टजवळ, असेल तरच एक वाढवायचा. पेटी तर स्विच चांगला अर्धा सेकंद दाबून धरते.

ब्लोअर पुन्हा दहादा चालू-बंद केला. आकडा हलला नाही.

मग मालकांना आणि त्या चौघांना एकत्र बोलावून सांगितलं, "त्या ४१ पेट्या नव्हत्याच. मोजणी माझी चुकली." मालकांनी मामांच्या हातातला पुठ्ठा मागून घेतला आणि पहिल्यांदाच रेघा मोजल्या.

संध्याकाळी बेल्ट सुरू झाला तेव्हा मी थांबलो. गाडी भरली तेव्हा स्क्रीनवर ३१२. मामांनी नवा पुठ्ठा पुढे केला. तिथेही ३१२.